सातही आकडे मागा

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात अशनींबद्दल लिहिताना मी एक वाक्य टाकलं होतं: ‘बहुतेक अशनींतल्या मॉलिब्डेनमच्या समस्थानिकांचं प्रमाण पृथ्वीवरच्या मॉलिब्डेनमशी तंतोतंत जुळत नाही.’ (अशनी म्हणजे अंतराळातून पृथ्वीवर पडलेला दगड किंवा धातूचा तुकडा, मॉलिब्डेनम हा एक धातू, आणि समस्थानिक म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वस्तुमानानं थोडे वेगवेगळे अणू.) बाकी लेखापेक्षा या वाक्यावरच जास्त पत्रं आली. मी नोकरीची सगळी वर्षं मास स्पेक्ट्रोमीटरच्या, म्हणजे अणू वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या, प्रयोगशाळेत घालवली, तेव्हा हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. म्हणून या वेळचं पूर्ण सदर त्यालाच दिलं आहे.

प्रश्न : एका व्हिडिओत धातूचा एक तुकडा दाखवला होता. त्यातल्या समस्थानिकांचं प्रमाण पृथ्वीवरच्या प्रमाणाहून वेगळं आलं, म्हणून तो दुसऱ्या ताऱ्याकडून आलेला, कदाचित कुणी बनवलेला असावा, असं निवेदक सांगत होता. हे मानायचं का? (एक निवृत्त अभियंता)

एवढ्याच पुराव्यावर नाही. प्रमाण वेगळं येण्याची कारणं एकाहून जास्त आहेत आणि त्यातली बरीचशी अगदी साधी आहेत.

पहिलं कारण वस्तुमानाचं. धातू तापून त्याची वाफ होऊ लागली की हलके समस्थानिक थोडे अधिक उडून जातात, जड मागे उरतात. असा फरक वस्तुमानाच्या अंतराच्या प्रमाणात वाढत जातो. ९६ आणि ९८ वस्तुमानाच्या समस्थानिकांत जेवढा फरक पडेल, त्याच्या साधारण दुप्पट ९६ आणि १०० यांच्यात. माणसानं यंत्रानं समस्थानिक वेगळे केले तर बदल याहून कितीतरी मोठा असतो, पण तेही काही नवल राहिलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत ओक रिजला बांधलेल्या कॅल्युट्रॉन यंत्रांवर (ती चुंबकानं समस्थानिक वेगळे करतात) १९४५ नंतर कितीतरी धातूंचे समस्थानिक वेगळे काढले गेले आणि जगभरच्या प्रयोगशाळांना मिळू लागले.

दुसरं कारण किरणोत्सर्गी ऱ्हासाचं. त्याबद्दल खाली एका विद्यार्थिनीला उत्तर दिलं आहे.

तिसरं कारण वैश्विक किरणांचं, आणि ते भल्याभल्यांना चकवतं. अशनी पृथ्वीवर पडण्याआधी कोट्यवधी वर्षं अंतराळात उघडी फिरत असते. वैश्विक किरण तिच्यात शिरतात, आत न्यूट्रॉन सुटतात आणि काही अणुकेंद्रकं ते पकडतात. लोखंडी अशनींतलं टंगस्टन-१८२ असंच थोडं कमी झालं होतं, आणि ते जितकं कमी तितकी अशनी जुनी धरली जाते. त्यामुळे काही अशनींचं वय काढल्यावर त्या सौरमालेतल्या पहिल्या घन कणांच्याही आधी तयार झाल्या असं दिसू लागलं. मूल आईच्या आधी जन्मलं म्हणण्यासारखंच ते! पुढे त्याच तुकड्यांतलं प्लॅटिनम मोजून किती न्यूट्रॉन पकडले गेले याचा हिशेब लावला, टंगस्टनचा आकडा दुरुस्त केला, आणि वयं जागेवर आली.

चौथं कारण खरोखर ताऱ्यांचं आहे, आणि माझं मन गुंततं ते तिथे. मॉलिब्डेनमचे नैसर्गिक समस्थानिक सात : ९२, ९४, ९५, ९६, ९७, ९८ आणि १००. सगळे एका ठिकाणी घडत नाहीत. म्हाताऱ्या, फुगलेल्या तांबड्या ताऱ्यांच्या पोटात अणुकेंद्रकं एकेक न्यूट्रॉन सावकाश पकडत वाढतात. ९६ फक्त याच संथ वाटेनं तयार होतं. स्फोटक घटनांमध्ये न्यूट्रॉनचा नुसता पाऊस पडतो. तिथे तयार झालेली अस्थिर केंद्रकं ऱ्हास पावत ९६ वस्तुमानाशी आली की झिर्कोनियम-९६ पाशीच थांबतात, मॉलिब्डेनमपर्यंत पोचत नाहीत. १०० चं नेमकं उलटं. संथ वाटेवर मॉलिब्डेनम-९९ लागतं, त्याचं अर्धायुष्य (निम्मे अणू ऱ्हास पावायला लागणारा काळ) जेमतेम ६६ तासांचं, त्यामुळे पुढचा न्यूट्रॉन मिळायच्या आतच ते बहुधा टेक्नेशियम होऊन जातं. (हॉस्पिटलांत स्कॅनसाठी वापरतात ते टेक्नेशियम याच मॉलिब्डेनम-९९ पासून मिळवलेलं असतं.) म्हणून १०० जवळपास सगळं वेगवान वाटेचं. ९२ आणि ९४ या दोन्ही वाटांवर जवळजवळ येतच नाहीत, त्यांची तिसरीच वाट आहे. उरलेले तीन संथ आणि वेगवान वाटांचं मिश्रण.

आता अशनीतले हे सात आकडे, पृथ्वीवरचं प्रमाण शून्य धरून, आलेखावर मांडा. एखाद्या अशनीत संथ वाटेचा माल पृथ्वीच्या मानानं कमी पडला असेल तर ९२ सगळ्यांत वर जातं, ९४ त्याच्या खाली, ९५ आणखी खाली, ९६ शून्यावर, ९७ जरासं वर, ९८ पुन्हा शून्यावर आणि १०० वर. तापवून, वितळवून किंवा यंत्रात फिरवून अशी नागमोडी आकृती निघत नाही. तिच्यामागे ताऱ्यांत काय घडतं एवढंच असतं. ९६ आणि ९८ शून्यावर का, असं तुमच्यातला अभियंता विचारेलच. यंत्र स्वतःही हलक्या-जड समस्थानिकांत थोडा पक्षपात करतं. तो काढून टाकण्यासाठी या दोघांचं गुणोत्तर ठरावीक धरून बाकीचे आकडे त्यावर बेतलेले असतात.

आणि हा फरक केवढा? अख्ख्या अशनींची तुलना केली तर बहुतेक वेळा दहा हजारांत एक-दोन भाग, काही अशनींत त्याहून थोडा जास्त. व्हिडिओतल्या माणसाला विचारा : सातही आकडे कुठे आहेत? प्रत्येकाची अनिश्चितता किती? गुणोत्तर कशावर बेतलं? उत्तर मिळालं नाही तर त्या तुकड्याबद्दल काहीच सिद्ध झालेलं नाही. आणि ताऱ्यांची आकृती खरोखर दिसली, तरी तिचा अर्थ तो तुकडा आपल्याच सौरमालेतला, पण धुळीच्या जरा वेगळ्या मिश्रणातून घडलेला, असाच निघण्याची शक्यता सर्वांत जास्त. आजवर तपासलेल्या शेकडो अशनींबाबत तेच निघालं आहे.

प्रश्न : दहा हजारांत एक भाग मोजतात तरी कसा? चूक झाली नाही हे कशावरून? (रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक)

खरी मेहनत यंत्राच्या आधी होते. एक ग्रॅम लोखंडी अशनीत मॉलिब्डेनम सहसा काही मायक्रोग्रॅमच असतं, बाकी सगळं लोखंड आणि निकेल. तुकडा हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लात विरघळवतात. मग तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लातलं ते द्रावण रेझिनच्या कॉलमवर, म्हणजे रेझिनच्या बारीक मण्यांनी भरलेल्या नळीत, सोडलं की निकेल हिरवट होऊन सरळ खाली उतरतं आणि लोखंड वर गडद पिवळा पट्टा धरून बसतं. तो पट्टा पुढे पातळ आम्लानं थेंबाथेंबानं खाली सरकताना मी कितीदा तरी पाहिला आहे, आणि तरी दर वेळी उभं राहून पाहावंसं वाटायचं. मॉलिब्डेनम डोळ्यांना दिसत नाही. ते कुठल्या थेंबांत उतरणार हे आधी केलेल्या चाचण्यांवरून ठाऊक असतं, आणि पूर्ण शुद्ध व्हायला एका कॉलमवर भागत नाही.

एवढी शुद्धता कशासाठी? कारण मॉलिब्डेनमच्या जागांवर इतरांचे समस्थानिक येऊन बसतात. झिर्कोनियमचे ९२, ९४ आणि ९६ असतात, रुथेनियमचे ९६, ९८ आणि १००. यंत्राला वस्तुमान कळतं, मूलद्रव्याचं नाव कळत नाही. म्हणून नमुन्याचा फवारा आर्गॉनच्या प्लाझ्मात सोडून निघालेले आयन चुंबकानं वळवून वेगवेगळ्या कपांत एकाच वेळी गोळा करतात, तेव्हा नऊ कप लावतात. सात मॉलिब्डेनमचे, एक झिर्कोनियम-९१ साठी आणि एक रुथेनियम-९९ साठी. त्या दोन कपांत काही आलं तर किती भेसळ वजा करायची ते समजतं. ९५ आणि ९७ या जागांवर मात्र दोघांपैकी कुणीच येत नाही. त्यामुळे आकडा संशयास्पद वाटला की मी आधी या दोघांकडे बघायची. ९२ आणि ९४ उसळलेत आणि ९५ शांत आहे, तर झिर्कोनियम नीट गेलेलं नाही, कॉलम पुन्हा करा.

भेसळ बाहेरूनही येते. ३१६ नंबरच्या स्टेनलेस स्टीलमध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं. मॉलिब्डेनम डायसल्फाइड हे यंत्रांचं नेहमीचं वंगण आहे. अशनी कापणाऱ्या करवतीचं पातं चुकीचं निवडलं तर पृथ्वीचंच मॉलिब्डेनम मोजून आपण खूश व्हायचो! म्हणून कापलेला पृष्ठभाग घासून आम्लात धुतात, भांडी टेफ्लॉनची वापरतात, स्वच्छ खोलीत अंगठी घालूनही जात नाहीत. नमुन्याबरोबर नुसती आम्लंही त्याच सगळ्या पायऱ्यांतून नेतात आणि त्यांत किती मॉलिब्डेनम निघालं ते पाहतात. यंत्रावर प्रत्येक नमुन्याच्या आधी आणि नंतर प्रमाणित द्रावण मोजतात. शिवाय पृथ्वीवरचा एखादा खडक तंतोतंत याच रसायनातून नेऊन तो शून्यावर येतो की नाही हे बघतात. माझ्या मते सगळ्यांत बोलकी कसोटी हीच. ज्या शोधनिबंधात पृथ्वीवरच्या खडकाचे आकडे दिलेले नाहीत तो मी दोनदा वाचते.

प्रश्न : सौर तेजोमेघात, म्हणजे ज्यातून सूर्य आणि ग्रह झाले त्या ढगात, सगळी धूळ तापून एकजीव झाली, असं आम्ही वर्गात शिकवतो. मग हे फरक शिल्लक कसे राहिले? (एक शिक्षिका)

बाई, ‘सगळी’ हा शब्द आता काढून टाकावा लागेल. पन्नाशीच्या आणि साठीच्या दशकांत बहुतेक शास्त्रज्ञांचंही तेच मत होतं. ८ फेब्रुवारी १९६९ ला मेक्सिकोच्या चिवावा राज्यात आयेंदे ही अशनी पडली. तिचे मिळून जवळपास दोन टन तुकडे गोळा झाले आणि संशोधकांना पहिल्यांदाच भरपूर साहित्य हाती आलं. १९७३ मध्ये रॉबर्ट क्लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यातल्या पांढऱ्या ठिपक्यांतला ऑक्सिजन मोजला. त्याची प्रमाणं वस्तुमानाच्या नियमात बसेनात. ऑक्सिजनचं कारण आज वेगळं मानलं जातं, पण एकजीव मेघाच्या कल्पनेला पहिला मोठा धक्का तिथे बसला. पुढच्या वर्षांत तसल्याच ठिपक्यांत टायटॅनियम, क्रोमियम, कॅल्शियम, बेरियम अशा धातूंतही विसंगती सापडत गेल्या.

१९८७ मध्ये तर थेट ताऱ्यांची धूळच हाती लागली. त्याच १९६९ च्या सप्टेंबरात ऑस्ट्रेलियात मर्चिसन अशनी पडली होती. तसल्या अशनींचे तुकडे आम्लांत विरघळवत, विरघळवत गेलं की शेवटी उरतात नॅनोहिरे, सिलिकॉन कार्बाइड आणि ग्रॅफाइटचे कण. सिलिकॉन कार्बाइडचे कण बहुतेक एक मायक्रॉनच्या आसपासचे. अशा एकेका कणातलं मॉलिब्डेनम मोजलं तेव्हा दहा हजारांतल्या एक-दोन भागांची भाषा संपली. बहुसंख्य कणांत ९६ च्या तुलनेत ९२ आणि १०० निम्म्याहूनही कमी, कित्येकांत अगदीच नाममात्र. म्हणजे ते सरळ संथ वाटेच्या ताऱ्यांतून आलेले.

एक गोष्ट मुलांना अवश्य सांगा. १९५२ मध्ये पॉल मेरिल यांना काही तांबड्या ताऱ्यांच्या प्रकाशात टेक्नेशियमच्या रेषा दिसल्या. टेक्नेशियमचा एकही समस्थानिक स्थिर नाही. तारे अब्जावधी वर्षांचे, म्हणजे हे टेक्नेशियम त्यांच्या पोटातच नुकतं तयार झालेलं असणार. मूलद्रव्यं ताऱ्यांत घडतात याचा तो थेट पुरावा ठरला. पुढे २००४ मध्ये सिलिकॉन कार्बाइडच्या कणांत रुथेनियम-९९ अपेक्षेहून जास्त सापडलं, टेक्नेशियम-९९ कणात अडकून नंतर ऱ्हास पावल्यावर जेवढं असायला हवं तेवढं. मेरिल यांनी जे दुर्बिणीतून पाहिलं, ते एका कणात मोजून झालं! हे वाचलं त्या दिवशी मी प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं होतं.

तेव्हा फरक टिकले, कारण असे कण टिकले. काही ठिकाणी धूळ तापली आणि नाजूक कण मोडले, काही ठिकाणी नाही. शिवाय सौर चकतीला, म्हणजे तरुण सूर्याभोवतीच्या वायू-धुळीच्या थाळीला, वेगवेगळ्या वेळी थोडी वेगळी धूळ मिळाली असावी. यातलं कुठलं कारण किती मोठं, यावर अजून वाद चालू आहे.

प्रश्न : चांदीचे तर दोनच समस्थानिक असतात. मग आकृती कशी पाहणार? (बी. एस्सी.ची विद्यार्थिनी)

नेमक्या जागी बोट ठेवलंस. दोन समस्थानिकांचं एकच गुणोत्तर होतं, आणि एकट्या गुणोत्तरावरून काही ठरत नाही. तेव्हा शेजाऱ्याला विचारायचं. १९७८ मध्ये केली आणि वासरबर्ग यांनी सांता क्लारा या लोखंडी अशनीत चांदी-१०७ जास्त असल्याचं दाखवलं. पॅलेडियम-१०७ चं अर्धायुष्य सुमारे ६५ लाख वर्षं, आणि ऱ्हास होऊन त्याची चांदी-१०७ होते. ज्या तुकड्यात चांदीच्या मानानं पॅलेडियम जास्त, त्यात चांदी-१०७ ही त्याच प्रमाणात जास्त, अशी सरळ रेष मिळाली की कारण ऱ्हास हेच. ताऱ्यांच्या वेगळ्या मिश्रणाला तुकड्यातल्या पॅलेडियमशी काही देणंघेणं नसतं. या रेषेतून घड्याळही मिळतं, कारण पॅलेडियम-१०७ संपायच्या आत ती अशनी घन झालेली असली पाहिजे. अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेत श्रीनिवासन आणि गोस्वामी यांनी रशियन सहकाऱ्याबरोबर १९९४ मध्ये एफ्रेमोव्हका अशनीत असाच पुरावा कॅल्शियम-४१ साठी दिला. त्याचं अर्धायुष्य फक्त १ लाख वर्षांच्या आसपास, म्हणून तो पुरावा फार मोलाचा.

प्रश्न : माझ्या संग्रहात गिबिऑन अशनीचा एक काप आहे. होबा ही प्रचंड अशनीसुद्धा नामिबियातलीच. दोन्ही लोखंडी. त्या एकाच मोठ्या गोळ्याचे तुकडे असतील का? (एक संग्राहक)

नाही, आणि नुसत्या डोळ्यांनीही शंका यायला हवी. तुमचा काप आम्लानं कोरलेला असेल तर त्यावर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक पट्ट्या दिसत असतील. सुमारे ६० टनांची होबा त्याच तऱ्हेनं कोरली तरी पट्ट्या दिसत नाहीत, कारण तिच्यात निकेल सुमारे १६ टक्के आहे, गिबिऑनच्या जवळपास दुप्पट.

पण खरा फरक मॉलिब्डेनमनं दाखवला. २०११ मध्ये पॉल वॉरन यांनी क्रोमियम आणि टायटॅनियमचे तोवरचे आकडे एकत्र मांडले, तेव्हा अशनींचे सरळ दोन गट पडले. एकीकडे कार्बनी अशनी, दुसरीकडे बाकीच्या, आणि मधली जागा रिकामी. पुढे मॉलिब्डेनम-९४ आणि ९५ एकमेकांसमोर मांडल्यावर दोन जवळपास समांतर रेषा मिळाल्या, आणि लोखंडी अशनीही त्याच दोन रेषांवर वाटल्या गेल्या. गिबिऑनचा गट, म्हणजे आयव्हीए, एका रेषेवर पडतो. होबाचा आयव्हीबी दुसरीवर, कार्बनी अशनींच्या सोबतीला. कार्बनाचा इथे काही संबंध नाही. होबा लोखंडाचीच, पण दुसऱ्या धुळीची.

थॉमस क्रुइअर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये याला टंगस्टनची वयं जोडली. दोन्ही गट पहिल्या दहा लाख वर्षांतच वेगळे झाले होते आणि पुढे ३० ते ४० लाख वर्षांपर्यंत एकमेकांत मिसळले नाहीत. मधे कुणीतरी आडवं उभं असलं पाहिजे. त्यांच्या मते तो वाढता गुरू. त्याचा गाभा पहिल्या दहा लाख वर्षांत पृथ्वीच्या सुमारे वीसपट झाला आणि बाहेरची धूळ आत येणं थांबलं. मला हे पटतं, पण दोन गट हे मापन आहे आणि गुरू हा त्यावरून काढलेला निष्कर्ष. चकतीत एखाद्या ठिकाणी वायूचा दाब जास्त असला तरी धूळ अडू शकते, असं म्हणणारेही जाणकार आहेत. ते काहीही असलं तरी तुमचा काप सूर्याच्या जवळच्या भागातला आणि होबा दूरच्या भागातली, एवढं आज बऱ्याच विश्वासानं म्हणता येतं. कापाच्या पाकिटावर गटाचं नाव लिहून ठेवा.

प्रश्न : मग पृथ्वी कोणत्या अशनींपासून बनली? (तोच निवृत्त अभियंता, दुसऱ्या पत्रात)

आपल्या संग्रहांतल्या कुठल्याच एका प्रकारापासून नाही. समस्थानिकांत सर्वांत जवळच्या येतात त्या एन्स्टॅटाइट कॉन्ड्राइट नावाच्या दगडी अशनी. पण त्यांच्यात मॅग्नेशियमच्या मानानं सिलिकॉन पृथ्वीपेक्षा जास्त आहे, आणि मॉलिब्डेनमही अगदी जुळत नाही. संथ वाटेचा माल पृथ्वीत जवळपास सगळ्याच अशनींपेक्षा जास्त आहे. मिश्रणाच्या आलेखावर पृथ्वी दोन ज्ञात टोकांच्या मधे नाही, स्वतःच एका टोकाला आहे. म्हणजे वेगवेगळ्या अशनींची कितीही सरमिसळ केली तरी पृथ्वी तयार होत नाही. पृथ्वीचा बराचसा भाग ज्या धुळीतून घडला, ती सूर्याच्या आणखी जवळची असावी आणि अशनींच्या रूपात आपल्यापर्यंत पोचलीच नसावी. ती बहुधा ग्रहांतच खपली. तिचा काही अंश बुध आणि शुक्रात असेल, पण त्यांचे खडक अजून कुणी आणलेले नाहीत. र्‍युगू या लघुग्रहाचे ५ ग्रॅमहून थोडे अधिक कण २०२० मध्ये हायाबुसा-२ या यानानं आणले, बेन्नूचे १२१.६ ग्रॅम २०२३ मध्ये ओसायरिस-रेक्स या यानानं आणले. दोन्ही कार्बनी गटाकडचे, म्हणजे दूरच्या बाजूचे. बुधाचा एक ग्रॅम जरी प्रयोगशाळेत आला, तरी या प्रश्नाला मी आज देऊ शकते त्याहून खूप चांगलं उत्तर कुणीतरी देईल.